फिनेलची बाटली मोरीतच राहू द्या

कुत्र्याने गालिच्यावर शू केली की घरातून दोन गोष्टी ताबडतोब बाहेर येतात: आरडाओरडा आणि फिनेल. पहिल्याचा उपयोग नाही. दुसऱ्यापासून धोका आहे, आणि घरात मांजर असेल तर तो जिवावर बेतू शकतो.

फिनेलचा वास आला म्हणजे घर स्वच्छ झालं, ही समजूत आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे. काळ्या फिनेलमध्ये डांबरापासून काढलेली फिनॉलवर्गीय रसायनं असतात. ती निष्प्रभ करून शरीराबाहेर टाकण्याची जी यंत्रणा आपल्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात फार तोकडी आहे. मांजर गालिच्यावरून चालतं, मग खिडकीत बसून पंजे चाटतं. आपण जमिनीवर ओतलेलं सगळं त्याच्या पोटात जातं. पाण्यात टाकताच दुधाळ होणारं जंतुनाशक कपाटात असेल, तर त्यातलंही मुख्य रसायन बहुधा याच कुळातलं असतं. लादी निदान पुन्हा साध्या पाण्याने पुसता येते. गालिचा मात्र धाग्याधाग्यात सगळं धरून ठेवतो.

ब्लीच तर मुळीच नको. मुतातल्या अमोनियाशी त्याची गाठ पडली की क्लोरामाइन वायू तयार होतो. तो प्राण्यालाच काय, पुसणाऱ्या माणसालाही बाधतो.

मुळात हे सगळं ओतून वास जात नाही, झाकला जातो. मुतातली बरीचशी द्रव्यं पाण्याने निघतात, पण युरिक आम्लाचे स्फटिक सहजी विरघळत नाहीत. ते गालिच्याच्या तळाशी बसून राहतात आणि हवेत दमटपणा वाढला की पुन्हा वास मारू लागतात. मार्चमध्ये स्वच्छ वाटलेल्या गालिच्याला मुंबईत, रत्नागिरीत जून लागला की घाण वास का येतो, त्याचं हे उत्तर. आपल्या नाकाला काही जाणवत नसतं तेव्हाही कुत्र्याला ती जागा बरोबर सापडते. तो तिथेच परत जातो, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो!

करायचं ते सोपं आहे, पण लगेच करायचं. चोळायचं नाही, चोळल्याने ओल पसरते आणि खोल जाते. जुना पंचा घडी करून डागावर ठेवा, त्यावर उभे राहा, भिजला की दुसरा ठेवा. मग थंड पाणी, पुन्हा पंचा. गरम पाणी आणि वाफ टाळा, त्यांनी डाग आणि वास दोन्ही पक्के बसू शकतात. त्यानंतर प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं द्रावण. ते वरवर शिंपडलं तर पैसे फुकट. मूत जितकं खोल गेलं तितकं ते खोल पोचलं पाहिजे आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ओलं राहिलं पाहिजे. शेवटी गालिचा उचलून, खालून हवा लागेल असा वाळवा. पाठीला ज्यूट असेल आणि बाहेर पाऊस असेल तर पंख्याखाली ठेवा, नाहीतर मुताचा वास जाऊन बुरशीचा येईल.

भदोहीचा लोकरी किंवा काश्मीरचा रेशमी गालिचा असेल तर मात्र थांबा. अशी बरीच द्रावणं प्रथिनं तोडतात, आणि लोकर, रेशीम ही प्रथिनंच आहेत. बाटलीवर लोकरीसाठी चालेल असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर वापरू नका. पाणी लावण्याआधी कोपऱ्यात रंग सुटतो का ते पाहा, आणि किमती वस्तू जाणकार धुणाऱ्याकडे द्या. खरं तर पिल्लू किंवा म्हातारा कुत्रा घरात असताना असा गालिचा गुंडाळून ठेवावा आणि सुती सतरंजी अंथरावी, असं माझं ठाम मत आहे. ती बादलीत बुडते, दोरीवर वाळते. दिवाणखाना पाहुण्यांच्या नजरेसाठी सजवायचा आणि रोज तिथे राहणाऱ्या जिवाने पाय जपून टाकायचे, हे मला पटत नाही.

गालिच्यातल्या पिसवांची गोष्ट वेगळी. अंगावर दिसतात त्या थोड्या. अंडी, अळ्या आणि कोष गालिच्यात, गादीत, सोफ्याच्या फटीत असतात. कोषातली पिसू महिनोन्‌महिने दबा धरून राहू शकते आणि पावलांच्या कंपाने, अंगाच्या उबेने बाहेर येते. म्हणून प्राण्यावर औषध आणि गालिच्यावर व्हॅक्यूम हे एकाच वेळी आणि काही आठवडे चालू ठेवावं लागतं. व्हॅक्यूमची पिशवी लगेच घराबाहेर टाका. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला कधीही लावू नका: त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर मरू शकतं.

आता त्या आरडाओरड्याबद्दल. नाक डागावर घासणं हा निव्वळ छळ आहे. कुत्रा त्यातून एवढंच शिकतो की माणसासमोर शू करायची नाही. मग तो सोफ्यामागे जातो. त्यापेक्षा बाहेर नेण्याच्या वेळा वाढवा. मांजरं असतील तर जितकी मांजरं त्याहून एक डबा जास्त ठेवा आणि रोज साफ करा. घाण डब्यापेक्षा मऊ गालिचा मांजराला बरा वाटला, तर चूक डबा साफ न करणाऱ्याची.

आणि शिस्तीतला प्राणी अचानक गालिचा भिजवू लागला, तर पुसून झाल्यावर पहिला फोन पशुवैद्याला करा. मूत्रमार्गाचा संसर्ग, खडे, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, म्हातारपणातली सांधेदुखी, यांतलं काहीही असू शकतं. ‘घर घाण करतो’ म्हणून प्राणी सोडून देणाऱ्यांनी तो आजारी आहे का, हे तरी आधी तपासून घेतलं होतं का? बोका पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय आणि थेंबही येत नाहीये, असं दिसलं तर मार्ग तुंबलेला असू शकतो. अशा वेळी गालिचा राहू द्या, सकाळचीही वाट पाहू नका. रात्री उघडा असणारा दवाखाना शोधा आणि निघा.