हिशोब तिचा, गप्पा आमच्या

“बाई, एक विचारू का? पण हळू बोला हं, हे पडवीत झोपलेत.”

वहिनींनी असं म्हटलं की ओळखायचं, विषय कुंपणापलीकडे न्यायचा नाही आणि तरी संध्याकाळपर्यंत तो शेजारच्या नवापूरला पोचणार. बोंबील वलांडीवर अडकवून झाले होते. हात पदराला पुसत त्या कुंपणाच्या मोडक्या खुंटाशी येऊन उभ्या राहिल्या. आमची रोजची सभा तिथेच भरते.

“सूनबाईने पुस्तक आणलंय. हिंदी. वरून पेपरचं कव्हर. मला वाटलं परीक्षेबिरीक्षेचं असेल. आवरताना कव्हर निसटलं, तर आत काय? ‘एक सेक्स वर्कर की आत्मकथा’! आता तुम्ही एवढी वर्षं शाळेत मराठी शिकवलंत, तुम्हीच सांगा. आत्मचरित्र कुणी लिहायचं? गांधीजींनी लिहायचं, कर्व्यांनी लिहायचं.”

“नलिनी जमीलाचं ना ते? मूळ मल्याळम. २००५ साली आलं. केरळात त्रिशूरकडची बाई.”

“केरळची? मग बरं.”

आपल्याकडची नाही म्हटल्यावर वहिनींचा जीव भांड्यात पडला आणि कान दुप्पट मोकळे झाले. आमच्या घिवलीत हे असंच. लांबची गोष्ट असली की कुणाचा संकोच उरत नाही.

“पण खरं सांगू, मधली पानं चाळली मी. तसलं काही नाहीच त्यात.”

“कव्हर नुसतं निसटलं होतं म्हणालात.”

“निसटलंच होतं हो! उचलताना दोन-चार पानं डोळ्यांखालून जाणारच ना?”

एवढ्यात आत्या काठी टेकत आल्या. आत्या म्हणजे वहिनींच्या सासूबाईंच्या पिढीतल्या. उभा जन्म पाटी डोक्यावर घेऊन चिंचणी-बोईसरला मासळी विकली. लिहिता-वाचता येत नाही, पण उधारीचा हिशोब तोंडावर. वहिनींनी घाईने विषय बदलायचा प्रयत्न केला, पण आत्यांना ‘कुणीतरी काहीतरी लपवतंय’ हे लांबूनच कळतं. सांगावंच लागलं.

आत्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न काय विचारला? लाज वाटली नाही का, लेकरांचं काय, देवाला काय तोंड दाखवणार, यातलं काहीही नाही. म्हणाल्या, “काय मिळायचं तिला?”

मला तो प्रश्न फार आवडला. कारण पुस्तकाचा कणा तोच आहे. ही मुलगी १९५४ सालची. शाळा तिसरीत सुटली. मग मजुरी. नवरा कॅन्सरने गेला तेव्हा वय चोवीस, पदरात दोन पोरं. मजुरी दिवसाला साडेचार रुपये. आणि सासू म्हणाली, पोरं सांभाळते, पण रोजचे पाच रुपये दे.

“साडेचारातून पाच कसे द्यायचे?” आत्यांनी लगेच पकडलं.

“तेच तर पुस्तक आहे, आत्या. त्या आठ आण्यांचं.”

ओळखीतल्या एका बाईने वाट दाखवली. पहिलं गिऱ्हाईक पोलिसातला बडा अधिकारी. आणि तिथून बाहेर पडल्यावर तिला धरून मारलं तेही पोलिसांनीच. वहिनी “अगं बाई” म्हणाल्या. आत्या काही बोलल्या नाहीत, काठीने जमिनीवर रेघ ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझ्या पाटीचा भाव मी सांगायचे, गिऱ्हाईक पाडायचं. पण पोलीस कधी पाटीवर हात टाकत नव्हता.”

वहिनींना हे हिशोबाचं बोलणं काही पटेना. “पण सासूने पाच मागितले म्हणून कुणी त्या वाटेला जातं का? आपल्या बंदरावर काय कमी बायकांचे नवरे गेले? होडी बुडाली, तारू परतलं नाही. कोळंबी सोलून, बर्फ वाहून पोरं वाढवलीच ना त्यांनी?”

“वाढवली. पण त्यातल्या कुणाला विचारलंत कधी, कसं वाढवलं म्हणून?”

वहिनी गप्प. मला उत्तर नको होतंच. विचारलं म्हणून कुणी सांगतं असंही नाही. आपण विचारतो ते सहसा पुढे सांगायला, हे समोरच्या बाईला पक्कं ठाऊक असतं.

“बरं, तिसरी शिकलेली बाई पुस्तक लिहील कसं?” वहिनींनी दुसरीकडून शंका काढली. “दुसऱ्यानेच लिहिलं असणार.”

बरोब्बर बोट ठेवलं होतं. तिने सांगितलं आणि आय. गोपीनाथ नावाच्या कार्यकर्त्याने ते लिहून काढलं. पुस्तक धडाधड खपलं, आवृत्त्या निघाल्या, मोठमोठ्या साहित्यिकांनी नाकं मुरडली. इथवर नेहमीचंच. पण पुढे जे झालं ते मला मोठं वाटतं. छापून आलेलं पुस्तक तिला पसंत पडलं नाही. हे माझ्यासारखं बोलत नाही, म्हणाली. आणि खपणारं पुस्तक बाजारात असताना तिने आपली गोष्ट नव्याने सांगून दुसऱ्यांदा छापून घेतली. स्वतःच्या आयुष्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती काढायला किती धाडस लागत असेल! भल्याभल्या आत्मचरित्रकारांना मुद्रणदोषांपलीकडे काही दुरुस्त करावंसं वाटत नाही.

“आपल्याकडे नाही झालं असं?” आता वहिनींना आपल्याकडचंच हवं होतं. मगाशी केरळ म्हटल्यावर बरं वाटलं होतं, ते विसरल्या.

आपल्याकडे हंसा वाडकर. त्या धंद्यातल्या नव्हेत, नटी. पण घराणं कलावंतिणींचं, आणि नटीला गाव काय म्हणतं ते वेगळं सांगायला नको. त्यांनीही तोंडी सांगितलं आणि अरुण साधूंनी लिहून घेतलं. ‘माणूस’ साप्ताहिकात आलं, १९७० साली पुस्तक झालं. नाव ‘सांगत्ये ऐका’.

“तो तर सिनेमा!” आत्या एकदम उजळल्या. “अनंत मान्यांचा.”

सिनेमा १९५९चा. पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. त्याचंच नाव हंसाबाईंनी आपल्या पुस्तकाला दिलं. नवरा, दारू, दुसऱ्याच्या वाड्यात काढलेले दिवस, काही झाकलं नाही. पुस्तक आलं त्याच्या पुढच्याच वर्षी त्या गेल्या. पुस्तकावरून श्याम बेनेगलांनी १९७७ साली ‘भूमिका’ काढला, त्यात स्मिता पाटील. सिनेमा सगळ्यांनी वाखाणला. बाई जिवंत असताना मात्र तिच्याशी कुंपणावर दोन शब्द बोलायला किती जणी आल्या असत्या, याचा मला अंदाज आहे.

“तसल्या बाईशी बोलणार कोण?” वहिनी म्हणाल्या आणि आवाज आणखी खाली आणला. “आता आपल्याकडेच बघा ना. त्या कोपऱ्यावरच्या भाड्याच्या खोलीतली. रात्री जाते, उजाडता येते. कंपनीची गाडी सोडते म्हणे. कंपनीची गाडी!”

“ती एमआयडीसीत औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. रात्रपाळी असते.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तिनेच. मी विचारलं.”

आत्या हसल्या. “म्हणजे केरळातल्या बाईने आपली गोष्ट आपण सांगितली, आणि हिची तुम्ही सगळ्यांनी मिळून लिहून टाकली.”

वहिनी उठून वलांडीवरचे बोंबील उगाच सारखे करून आल्या. त्यांचा हा जुना उपाय. परत आल्या तेव्हा सूनबाईही मागोमाग बाहेर आली होती. ती पालघरला एका वकिलांकडे कामाला. कव्हर कुणी काढलं हे तिने विचारलं नाही. शहाणी आहे.

“आई, त्यात लपवण्यासारखं काही नाही. सरांकडे एक केस आली होती म्हणून वाचायला घेतलं. सज्ञान बाईने स्वतः, आपल्या मर्जीने हे काम केलं तर तो गुन्हाच नाही, माहितीये? १९५६चा कायदा आहे. कुंटणखाना चालवणं गुन्हा, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं गुन्हा. आणि तिच्या कमाईवर जगणं हाही गुन्हा. अठरा वर्षांवरचा कुणीही.”

“मग तिचा मुलगा?” आत्या.

“मोठा झाल्यावर तिच्या पैशांवर शिकत असला तर तोही अडकू शकतो. म्हातारी आईसुद्धा.”

कायदा दलालासाठी केला आणि त्याची दोरी कॉलेजात जाणाऱ्या पोरापर्यंत पोचते, हे ऐकून वहिनींचाही चेहरा बदलला. अशी बाई आठवणी लिहायला बसली की नावं का बदलते, गावं का पुसते, हे मग वेगळं समजवावं लागत नाही. सूनबाईने पुढे सांगितलं की मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलंय, सन्मानाने जगण्याचा हक्क या बायकांनाही आहे, पोलिसांनी त्यांना मारहाण-शिवीगाळ करायची नाही, आणि छापा पडला तर वर्तमानपत्रांनी, वाहिन्यांनी त्यांची ओळख उघड करायची नाही. न्यायालयाने पेपरवाल्यांना सांगितलं. कुंपणवाल्यांना कुणी सांगायचं?

मुलाचा विषय निघाला आणि मला ‘कोल्हाट्याचं पोर’ आठवलं. १९९४ साली ‘ग्रंथाली’ने काढलं. लेखकाचं नाव किशोर शांताबाई काळे. मधलं नाव आईचं, कारण बापाचं लावायला बापच नव्हता. सोलापूर जिल्ह्यातलं नेरलं. आईला शिकायचं होतं, आजोबांनी शाळा सोडवून तिला तमाशात नाचायला लावलं. तिच्या पायांवर अख्खं घर जेवायचं, तिचा बाप आणि भाऊ दोघेही. कोल्हाटी समाजात ‘चिरा उतरणे’ म्हणतात, म्हणजे पैसेवाला पुरुष रक्कम मोजून मुलीचा पहिला हक्क घेतो. तो ठेवील तोवर ती त्याची, सोडली की परत घुंगरू. हे पोर मुंबईत येऊन डॉक्टर झालं आणि सगळं लिहून मोकळं झालं. २००७ मध्ये तो अपघातात गेला.

“आईला काय वाटलं असेल हो, पोराने असं चव्हाट्यावर मांडल्यावर?”

हा वहिनींचा प्रश्न मात्र मला टाळता येत नाही. किशोरने आईच्या दुःखाचं पुस्तक लिहिलं, आईने लिहिलं नाही. त्यात तिच्यावरचा राग आहे, कारण ती त्याला मागे ठेवून गेली होती. वाचताना मी त्याच्या बाजूने रडले. पण शांताबाईने स्वतः सांगितलं असतं तर तेच घर, तेच आजोबा, तोच चिरा, आणि गोष्ट नक्की वेगळी झाली असती. दुसऱ्याच्या हातातली लेखणी कितीही मायेची असली तरी ती आपल्या जागेवरूनच बघते. म्हणून मी नलिनीला वरचं पान देते. तिचं लिखाण किशोरइतकं धारदार नाही, साहित्य म्हणून मराठी पुस्तक सरसच. पण ती स्वतःबद्दल स्वतः बोलते आणि रडून दाखवत नाही.

तिथेच लोकांचं बिनसतं. रडून सांगितलं तर आपल्याला चालतं. मंगळवेढ्याची कान्होपात्रा घ्या. शामा गणिकेची मुलगी. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायांशी प्राण सोडला असं परंपरा सांगते. आत्या वारीला गेलेल्या, त्यांनी पंढरपूरच्या देवळात तिच्या नावाने दाखवतात ते झाडही पाहिलंय. तिचे अभंग आपण हात जोडून म्हणतो. मेली म्हणून संत झाली. जगली असती, पन्नाशीला पोचून दर काय होता आणि त्यातला कुणी किती खाल्ला हे सांगत बसली असती, तर तिला देवळाच्या आवारात जागा मिळाली असती का?

“बाई, देवादिकांचं नका हो असं बोलू,” वहिनींनी कानाला हात लावला. आत्यांनी नाही लावला.

सांगलीला मात्र या बायका नुसतं सांगून थांबल्या नाहीत. तिथे ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, धंद्यातल्या बायकांची स्वतःची. सुषमा देशपांड्यांनी त्यांना घेऊन नाटक बसवलं. त्यात घरवाली आहे, मालक आहे, मालकाची लग्नाची बायको आहे, आणि ते करणाऱ्या बायका त्याच. लिहिता येत नसेल तर उभं राहून सांगायचं. आत्यांना ही कल्पना फारच पसंत पडली. “मला द्या असं काम,” म्हणाल्या, “पाटीवालीचं.”

वहिनींनी सूनबाईकडे हात केला. “आण ते पुस्तक इकडे. हिंदी जड जातं मला, बाई वाचून दाखवतील. पण ते साडेचार रुपयांचं पान आधी.”

त्या दिवशी तेवढंच पान झालं, कारण पडवीतून खोकल्याचा आवाज आला. पुढचं रोज थोडं थोडं चाललंय, आत्याही येतात. कोपऱ्यावरच्या खोलीतल्या मुलीला रविवारी सुट्टी असते, तिलाही बोलावलंय. ‘कोल्हाट्याचं पोर’ आमच्या वाचनालयात सापडलं नाही, मागणी नोंदवली आहे. तुमच्या गावच्या वाचनालयात असेल तर घेऊन वाचा. नसेल तर तुम्हीही नोंदवा, आणि पुस्तकावर पेपरचं कव्हर घालू नका.