संगणकांचे पटवारी

माणसाची खरी ओळख त्याच्या हुद्द्यावरून पटते, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी विद्यापीठाच्या भांडार शाखेतील भाऊसाहेबांची एकवार गाठ घ्यावी. हुद्द्याने ते वरिष्ठ सहायक. विद्यापीठातील यच्चयावत कर्मचाऱ्यांच्या टेबलांवरील संगणकांची नोंद ठेवणे, निकामी झालेले परत घेणे आणि नवे आले की त्यांचे वाटप करणे, एवढेच त्यांचे विहित काम. परंतु वृत्तीने आणि रक्ताने ते पटवारी आहेत. गाव हसनाबाद, तालुका भोकरदन. निजामाच्या अमदानीतून निघालेले हे गाव पुढे औरंगाबाद जिल्ह्यात राहिले आणि १ मे १९८१ रोजी नवा जालना जिल्हा झाला तेव्हा जागचे तसूभरही न हलता जिल्हा बदलून मोकळे झाले. भाऊसाहेबांचे आजोबा तेथे पटवारकी करीत. पुढे वतने गेली, पटवाऱ्याचा तलाठी झाला, लाल खारव्यात बांधलेली दप्तरे सरकारजमा झाली. पण त्या दप्तरांमागची दृष्टी जमा करून घेण्याची तरतूद कोणत्याच कायद्यात नसल्यामुळे ती वारसाहक्काने नातवाकडे बिनतक्रार चालत आली. ते नोकरीस कोणत्या विद्यापीठात आहेत, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. जेथे संगणक आहे आणि तो कोणाच्या नावावर आहे हे लिहून ठेवण्याचा नियम आहे, तेथे भाऊसाहेब असावयाचेच.

पटवाऱ्याच्या लेखी जमीन म्हणजे माती नव्हे, नोंद होय. भाऊसाहेबांच्या लेखी संगणक म्हणजे पडदा, कळफलक आणि पेटी यांचा समुच्चय नव्हे. तो जडसंग्रह नोंदवहीच्या अमुक पानावरील अमुक ओळ होय. वस्तूचे वर्णन, पुरवठादार, देयकाचा क्रमांक, किंमत, कोणाच्या ताब्यात, असे रकाने ओलांडत ती ओळ शेवटी ‘शेरा’ या रकान्यात विसावते, आणि भाऊसाहेबांची सारी प्रतिभा तेथे फुलते. ‘माउस उंदराने कुरतडला, पंचनामा सोबत’ हा शेरा त्यांचाच. नवा संगणक आला की त्याला वीज मिळण्याआधी पांढऱ्या तैलरंगाने त्याच्या पाठीवर क्रमांक पडतो, आणि तो रंग वाळेपर्यंत कुलगुरूंच्या दालनातील यंत्रसुद्धा चालू करण्याची मुभा नसते.

आता वाटपाचा मामला पाहा. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० साली आला आणि जमीन कसणाऱ्या कुळाला तिच्यावर संरक्षण मिळाले. हा कायदा विद्यापीठाच्या संगणकांना केव्हा लागू झाला याचा राजपत्रात कोठे उल्लेख सापडत नाही. पण प्रत्येक कर्मचारी तो लागू आहे असे धरूनच चालतो. एखाद्या विभागाला एक नवा संगणक मंजूर होतो, तो साहजिकच विभागप्रमुखांकडे जातो. प्रमुखांचा जुना प्राध्यापकांकडे, प्राध्यापकांचा सहायक प्राध्यापकांकडे, त्यांचा लिपिकाकडे आणि लिपिकाचा प्रयोगशाळा परिचराकडे उतरतो. कागदावर एकाच यंत्राची खरेदी, परंतु हलतात पाच टेबले. शिवाय ज्याला वरचे यंत्र मिळते त्याला खालचेही सोडवत नाही. “नवा असू द्या हो, पण हाही राहू द्या, माझं सगळं ह्याच्यात आहे,” असे प्रत्येकजण म्हणतो, आणि ‘सगळं’ म्हणजे काय ते तपासू गेले तर पडद्यावर ‘न्यू फोल्डर’ या एकाच नावाच्या, मागे केवळ आकडा वाढत गेलेल्या पेट्यांची रांग आणि कन्येच्या विवाहाची छायाचित्रे आढळतात.

मात्र सगळीच कुळे खोटी नसतात, आणि खऱ्या कुळाला भाऊसाहेब ओळखतात. मराठी विभागातील एका वयोवृद्ध प्राध्यापकांनी आपला शब्दसंग्रह आयुष्यभर जुन्या टंकात (फॉन्टमध्ये) टंकलिखित केलेला. युनिकोडच्या आधीच्या त्या टंकांची गोम अशी की, यंत्राला अक्षर ‘क’ आहे हे ठाऊकच नसते. ते इंग्रजी चिन्हाच्या जागी नुसते ‘क’चे चित्र काढते. तो टंक नसलेल्या नव्या यंत्रावर तीच फाइल उघडली की शब्दसंग्रहाच्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हे यांची रांगोळी उमटते. प्राध्यापक ती पाहून मटकन खुर्चीत बसले. भाऊसाहेबांनी त्यांचे जुने यंत्र परत घेतले नाही. शेऱ्यात लिहिले, ‘लिप्यंतर पूर्ण होईपर्यंत वहिवाट कायम.’

यंत्र बिघडले आहे की यंत्राचा धनी, हे ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. एकदा लेखा शाखेतील एका बाईंची तक्रार आली: इंटरनेट बंद, संगणक बदलून मिळावा. भाऊसाहेब गेले. त्यांनी प्रथम पडद्याकडे नव्हे, पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्याकडे पाहिले. तेथे तारीख होती १ जानेवारी २००९. संगणकाच्या मुख्य पटलावर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ जातीचा, ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा; वीज नसताना घड्याळ चालते ठेवणे हे त्याचे काम. तो संपला की दर वेळी वीज गेल्यावर यंत्र आपल्या जन्मकाळाकडे परतते, आणि आजच्या संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे त्याला भविष्यकाळातील, म्हणून अग्राह्य, वाटू लागतात. “बाई, यंत्र धडधाकट आहे,” भाऊसाहेब म्हणाले, “फक्त त्याला वाटतं, अजून २००९ चालू आहे. ह्या शाखेत असं वाटणारं ते एकटंच नाही.” मग त्यांनी पेटी उघडली, हातरुमालाने धूळ झटकली, नखाने खटका दाबून जुना सेल उडवला, नवा बसवला आणि तारीख घातली. नवा सेल उपभोग्य वस्तूंच्या वहीत खर्ची पडला. जुना डबीत जमा झाला. बाईंचा चेहरा मात्र उतरला, कारण नव्या यंत्रासाठी त्यांनी घरून झाकण शिवून आणले होते.

कंपन्यांनी ठरविलेल्या मुदती भाऊसाहेबांना मान्य नाहीत. विंडोज ७ चे पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी, ऐन संक्रांतीच्या तोंडावर, संपले, तेव्हाही ते डगमगले नव्हते. पुढे विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार, विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि ती नसलेली जुनी यंत्रे बदलावी लागतील, असा प्रस्ताव संगणक केंद्राच्या तरुण अभियंत्याने ठेवला. त्यावर भाऊसाहेबांनी टिपणी लिहिली: ‘सदर कंपनी ही महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये सक्षम प्राधिकारी असल्याचे दिसून येत नाही. सबब मुदत संपल्याचे मान्य करता येत नाही.’ अभियंत्याने कपाळाला हात लावला. सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेले एकच यंत्र चोराला साऱ्या जाळ्याचे दार कसे उघडून देते, हे चित्र काढून समजावले. भाऊसाहेबांनी ते चित्र शांतपणे पाहिले, त्यावर आवक क्रमांक घातला आणि विचारले, “परीक्षा विभागाची यंत्रं आधी बदलायची ना? मग तसं लिहा की, साहेब. कंपनीची मुदत कशाला सांगता, गुणपत्रिका सांगा.” प्रस्ताव त्याच सायंकाळी पुढे सरकला.

त्याच अभियंत्याने एक आज्ञावली आणली होती, जी जाळ्यावरील प्रत्येक यंत्राची यादी बसल्या जागी काढी. यादी आणि नोंदवही यांचा मेळ घालावयास बसले असता यादीतील काही यंत्रे वहीत नव्हती, ती प्राध्यापकांची खाजगी निघाली. आणि वहीतील एक यंत्र यादीत नव्हते, ते कोठेच निघेना. आज्ञावली हरली. भाऊसाहेबांनी जुन्या वहीचे पान उलटले. बोट एका शेऱ्यावर थांबले: ‘वसतिगृह अधीक्षक यांचे निवासस्थानी, चिरंजीवांच्या बारावीकरिता, तात्पुरता.’ चिरंजीव बारावी झाले, अभियंते झाले, पुण्याला संगणकाच्याच कंपनीत लागले, त्यांचे लग्नही झाले; ‘तात्पुरता’ मात्र तेथेच होता, आणि त्याच्यावर अधीक्षकांच्या मातोश्रींच्या औषधांच्या बाटल्या होत्या.

यंत्र मरते केव्हा, या प्रश्नावर भाऊसाहेबांची काही निश्चित मते आहेत. लेखा शाखा संगणकाला आयकराच्या नियमातील ४० टक्के दराने घसारा लावते, तोही दर वर्षी उरलेल्या किमतीवर. ४०,००० रुपयांचे यंत्र वर्षाने २४,००० चे होते, मग १४,४०० चे, मग ८,६४० चे. दहा वर्षांनीही त्याचे सुमारे २४२ रुपये उरतातच, शून्य म्हणून कधी येत नाही. यावरून वस्तू अविनाशी आहे असा सिद्धान्त त्यांनी काढला असून निर्लेखन समितीने तसा ठराव केल्याखेरीज कोणत्याही यंत्राला मरण नाही, असे ते मानतात. पूर्वी ठराव झाला की लिलावात भंगारवाला हातगाडी घेऊन येई आणि लोखंड जालन्याच्या पोलाद-भट्ट्यांची वाट धरी. आता इ-कचऱ्याचे नियम आले; १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांप्रमाणे असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जावा लागतो. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण ऐकत वाढलेल्या भाऊसाहेबांना, पटलावरील जोडांना सोन्याचा मुलामा असतो हे कळल्यापासून, समितीच्या ठरावाची भाषा अधिकच कडक करावीशी वाटू लागली आहे. पण एक गोष्ट ते कोणावरही सोपवीत नाहीत: यंत्र फाटकाबाहेर पडण्यापूर्वी त्यातील चकती काढून तिला समक्ष छिद्र पाडवितात. “पोरांचे मार्क असतात त्यात,” एवढेच त्यांचे स्पष्टीकरण.

शनिवारी ते एसटीने गावी जातात. हसनाबादच्या थांब्यावर उतरले की कोणीतरी हटकतेच, “काहो भाऊसाहेब, तुमच्याकडं एवढे कंपुटर पडलेत म्हणं. आपल्या शाळंला एक द्या की.”

“पडलेले नाहीत,” भाऊसाहेब म्हणतात, “शिल्लक आहेत.”

“मंग शिल्लक हायेत तर द्या.”

“शिल्लक आहेत म्हणून तर देता येत नाहीत. संपले की बघू.”

“आन् संपल्यावर काय देणार?”

या प्रश्नाला उत्तर नाही हे भाऊसाहेब जाणतात. म्हणून त्यांनी स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीतून अग्रिम काढून शाळेला एक नवा कोरा संगणक घेऊन दिला, आणि तो चालू होण्याआधी त्याच्या पाठीवर पांढऱ्या तैलरंगाने क्रमांक घातला. मुख्याध्यापकांकडून ताबापावती घेतली ती निराळीच.

विद्यापीठात त्यांचा दरारा आहे तो मात्र बेबाकीमुळे. निवृत्त होणाऱ्याला, मग तो शिपाई असो की कुलसचिव, आपल्याकडे संगणकाचे येणे बाकी नाही असा दाखला भाऊसाहेबांकडून घ्यावा लागतो आणि त्यावाचून निवृत्तिवेतनाचे कागद हलत नाहीत. ज्यांनी आयुष्यभर भल्याभल्यांना दालनाबाहेर तिष्ठत ठेवले ते शेवटच्या महिन्यात एका हरवलेल्या वायरीसाठी भांडार शाखेच्या बाकावर बसलेले दिसतात.

आता खुद्द भाऊसाहेबांची निवृत्ती जवळ आली आहे. त्यांना बेबाकी कोणी द्यावी याबद्दल नियम मुग्ध असल्यामुळे त्यांनी स्वतःचा हिशेब स्वतःच तपासला, आणि एक माउस कमी भरला. मूळ किंमत २५० रुपये, वापर दहा वर्षे, घसारा ४० टक्के. बाकी येणे १ रुपया ५१ पैसे. ते त्यांनी स्वतःला नोटीस काढून मागितले आणि मुदतीत भरावयास रोखपालाकडे गेले. परंतु २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ नंतर चलनात उरलेली नाहीत. रोखपालाने २ रुपये घेतले आणि पावती फाडली. उरलेल्या ४९ पैशांच्या परताव्याबाबत पत्रव्यवहार चालू असून, तो निकाली निघेपर्यंत भाऊसाहेबांना निवृत्त करता येईल किंवा कसे, यावर आस्थापना शाखेने विधी अधिकाऱ्यांचा अभिप्राय मागविला आहे.