सायकलवरून परदेश : धाराशिवच्या होतकरू मंडळांसाठी मार्गदर्शिका

परदेशातल्या सायकल सहलीत सायकल चालवणं हा सर्वांत सोपा भाग असतो, हे आधी डोक्यात घ्या. ज्यानं मे महिन्यात भर दुपारी धाराशिवहून तुळजापूर गाठलंय, त्याला पेडल मारायला कुठला देश शिकवणार? खरी कसरत असते ती दहा-बारा जणांना एकाच दिवशी, एकाच दिशेला निघायला लावण्याची.

पहिली पायरी, समिती. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार, प्रसिद्धिप्रमुख, मार्गदर्शक, सल्लागार अशी पदं वाटून टाका. नुसता सदस्य कुणालाही ठेवू नका, कारण नुसता सदस्य वर्गणी देत नाही. व्हॉट्सअॅपचे गट तीन लागतील : एक सगळ्यांचा, एक खरोखर येणाऱ्यांचा आणि एक अध्यक्षांना वगळून. निर्णय तिसऱ्यावर होतात. फ्लेक्स मात्र लगेच छापायला टाका. तारीख ठरली नसेल तर ‘लवकरच’ लिहा. फोटो कुणाचा मोठा यावरचं भांडण मिटेपर्यंत तारीखही ठरून जाते.

दुसरी पायरी, देश. बैठकीत कुणीतरी युरोप म्हणेल, कुणी व्हिएतनाम. म्हणू द्या. मग त्याला सायकल विमानात कशी न्यायची ते सांगायला लावा. पेडल काढायची, हँडल वळवून चौकटीला समांतर करायचं, सीट खाली दाबायचं, चाकातली हवा कमी करायची आणि सगळं खोक्यात बसवायचं. यात एक गोम आहे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजव्यासारखं सोडवायला गेलात तर ते आणखी आवळतं, आणि मंडळातला सर्वांत तगडा गडी पान्ह्याला लोंबकळला तरी हलत नाही. शिवाय व्हिएतनामात आणि युरोपात बहुतेक ठिकाणी वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूनं. आपल्याकडं काही जण तशीही उजव्या बाजूनंच चालवतात, त्यांना जड जाणार नाही.

एवढं ऐकल्यावर बैठक आपोआप नेपाळवर येते. वाहतूक डावीकडून, व्हिसा नाही, आणि सायकल पार्सलच्या डब्यात टाकली की रेल्वेनं गोरखपूर. तिथून सोनौलीची हद्द शंभरेक किलोमीटर.

‘नेपाळ म्हणजे कसला परदेश?’ असं कुणी नाक मुरडलं तर त्याला त्याच्या पणजोबांचा परदेश दाखवा. तो बार्शीला होता. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत धाराशिव निजामाच्या राज्यात, बार्शी १९४७ पर्यंत इंग्रजांच्या आणि मग स्वतंत्र भारताच्या सोलापूर जिल्ह्यात. मध्ये करोडगिरीचं नाकं, अलीकडं हाली शिक्क्याचा रुपया, पलीकडं कलदार. बाजाराला जाऊन यायचं म्हणजे परराज्य करून यायचं, आणि त्याचा सत्कार कुणी केल्याचं ऐकिवात नाही. तेर तर त्याहून मुरलेलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव तगर असं येतं. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं हे गाव. इथलं कापड धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर भडोचला जायचं आणि तिथून समुद्रापार. तेरला सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीची जुळी शोभावी अशी एक थेट इटलीत, पाँपेईच्या राखेत निघाली. म्हणजे आपल्या जिल्ह्यातून परदेशी जाण्याची वहिवाट जुनी आहे, फक्त फ्लेक्स नवे.

तिसरी पायरी, कागद. नेपाळच्या हद्दीवर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधारवर विसंबू नका. ती सवलत १५ वर्षांच्या आतल्यांना आणि ६५ च्या पुढच्यांना आहे, म्हणजे तुमच्यात फार तर सल्लागार काकांना. १५ ते १८ मधल्या पोरांना मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेलं ओळखीचं प्रमाणपत्र लागतं. ज्या सरांनी आठवीत शाळा बुडवून रामलिंगला गेल्याबद्दल कान पिळला होता, त्यांच्याकडेच आता आठवडाभर शाळा बुडवण्यासाठी सही मागायची आहे. सकाळची वेळ निवडा. पासपोर्ट काढणाऱ्यांनी जन्माच्या दाखल्यावर उस्मानाबाद आणि पत्त्यात धाराशिव असं असल्यास घाबरून जाऊ नये. गाव एकच आहे, जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं. हे खिडकीपलीकडं समजावण्यासाठी मात्र मंडळातला सर्वांत शांत माणूस पाठवा.

चौथी पायरी घरची, आणि हिच्यावर निम्मी मंडळं गळतात. आजी विचारणार, ‘सायकलवर जायलास व्हय रं? एसटी बंद पडली का?’ तिला नेपाळ सांगू नका. पोखऱ्याच्या पुढं मुक्तिनाथ आहे, एवढंच सांगा. तिथवर जाणार आहोत असं म्हणण्याची गरज नाही. देवाचं नाव निघालं की ती स्वतःच प्रसादाचे पैसे पदराच्या गाठीतून काढून देते.

गळतीचं वाईट वाटून घेऊ नका. १५ ऑक्टोबर १९२३ ला बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला मुंबईहून निघाले. एक तेहरानहून माघारी आला, एकाला अमेरिका आवडली म्हणून तो तिथंच राहिला, आणखी एक वाटेत गळला. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा असे तिघेच ७१,००० किलोमीटर पुरे करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. साडेचार वर्षांत निम्मे उरले. तुमचे निम्मे येडशीच्या नाश्त्यापर्यंत टिकले तरी टक्केवारी सारखीच पडते.

सरावाबद्दल फार लिहीत नाही. आठवड्यातून एकदा नळदुर्ग करून या. भूम-वाशीच्या पठारावरही जा, तिथं पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. समोरून वारा असताना पुढं कोण राहतो आणि मागं लपून कोण चालतो, हे तिथं कळतं. खजिनदार बहुधा मागं असतो.

खाणं मात्र नीट बांधा. कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे. कडक भाकरीला गाडीचे धक्के, ऊन, पार्सलवाले कुणीच काही करू शकत नाहीत. नेपाळात दोन वेळा डाळ-भात मिळेल, पोटभर मिळेल आणि पुन्हा पुन्हा वाढतील. पहिल्या दिवशी सगळे कौतुक करतात. चौथ्या दिवशी ज्वारीचा माणूस ताटाकडं बघून गप्प होतो. त्याच्यापुढं अर्धी भाकरी ठेवा आणि काही बोलू नका.

प्रत्यक्ष रस्ता? सोनौली ते पोखरा, सिद्धार्थ राजमार्ग, सुमारे १८० किलोमीटर. बुटवलपर्यंत सपाट असल्यानं सगळे सेल्फी काढतात. पुढं तिनाऊ नदीच्या काठानं चढ लागतो आणि चाळीसेक किलोमीटरवर, साडेतेराशे मीटर उंचीवर तानसेन येतं. आपला तुळजापूरचा घाट त्यापुढं बालवाडी. इथं प्रसिद्धिप्रमुख लाइव्ह करायचं विसरतो, ही चढाची विश्वासार्ह खूण समजावी. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढं आहे. सहाला निघायचं ठरलं की आपली मंडळी साताला जमतात, तेव्हा तिथं सव्वासात झालेले असतात. उन्हाचा हिशेब त्यावरून करा.

पैशांचा हिशेब त्याहून अवघड. आपले १०० रुपये म्हणजे तिथले १६०. त्यामुळं पहिल्या दिवशी सगळे श्रीमंत होतात आणि चहा मंडळाच्या खात्यावर घेतात. कुणी दिलेले पैसे भारतीय होते की नेपाळी, हे वहीत लिहिलेलं नसतं. परत आल्यावर सत्कार होतील, हार कमी पडतील, आणि श्रीलंकेचा विषय निघेल. वही मिटेपर्यंत ती बैठक लावू नका. लावलीत तर खजिनदार येणार नाही, आणि मंडळाचा एकुलता एक पंप त्याच्या घरी आहे.