काळजी नसावी, जोह आहेत

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात किंगरॉय नावाचं गाव आहे. जमीन तांबडी, आणि गावात नजरेत भरतात ती शेंगा साठवायची उंच कोठारं. भुईमुगाचं गाव अशीच त्याची ओळख. इथल्या एका शेतकऱ्यानं १९६८ ते १९८७ अशी एकोणीस वर्षं राज्याचं मुख्यमंत्रिपद सांभाळलं. सांभाळलं म्हणण्यापेक्षा कसलं म्हणावं. नाव जोह ब्येल्की-पीटरसन. त्यांच्याबद्दल वाचायला बसलं की दर दोन पानांनी संताप येतो आणि तिसऱ्या पानावर हसू फुटतं. अशा माणसाशी नीट भांडताही येत नाही.

जन्म १९११चा, न्यूझीलंडमधला. वडील डॅनिश वंशाचे ल्यूथरन पाद्री. पोर दोन वर्षांचं असताना बिऱ्हाड किंगरॉयला आलं. लहानपणी पोलिओ झाला, पाय कायमचा लंगडा राहिला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. पुढे शेत उभं करताना या गड्यानं गाईंच्या जुन्या गोठ्यात पंधरा वर्षं एकट्यानं काढली. आपल्याकडचे पुढारी बालपणी शाळेसाठी अनवाणी तुडवलेलं अंतर दर निवडणुकीला मैलभर वाढवतात. जोहना काही वाढवायची गरजच नव्हती, गोठा खरा होता. दारू नाही, रविवारी चर्चमध्ये पोरांना बायबलचे धडे. असा माणूस दारात मत मागायला उभा राहिला तर नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

त्यांच्या शेतकीतली एक गोष्ट मला फार सांगण्याजोगी वाटते. रान साफ करायला माणसं कुऱ्हाडी घेऊन महिनोन्महिने घाम गाळत, तेव्हा जोहनी जहाजाच्या नांगराची अजस्र साखळी मिळवली, तिची दोन टोकं दोन अवजड यंत्रांना बांधली आणि दोन्ही यंत्रं समांतर हाकली. मधलं जे काही उभं असेल ते आडवं. ही कंत्राटं घेऊन त्यांनी पैसा केला. विमानातून बी पेरण्याचा, फवारणीचा धंदाही केला. पण साखळीचा संस्कार खोल गेला असावा. पुढे मुख्यमंत्री झाल्यावर जे जे उभं दिसलं त्याकडे ते याच नजरेनं पाहत राहिले.

ब्रिस्बेनमध्ये विधिमंडळासमोर बेलव्ह्यू नावाचं एकोणिसाव्या शतकातलं देखणं हॉटेल होतं. लोक म्हणत होते, जपा. १९७९च्या एप्रिलमध्ये ऐन मध्यरात्री यंत्रं आली आणि त्याचा निकाल लागला. १९७७ साली रस्त्यावरच्या राजकीय मोर्चांवर असाच नांगर फिरला. परवान्यासाठी अर्जही करू नका, मिळणार नाही, असं त्यांनी जाहीर सांगून टाकलं. एवढा सरळ कारभार आपल्याकडे नाही. इथे अर्ज घेतात, पोच देतात आणि मग विसरतात. क्वीन्सलंडमध्ये थेट अटका झाल्या, शेकड्यांनी. १९७१मध्ये दक्षिण आफ्रिकेचा गोऱ्यांचा रग्बी संघ आला तेव्हा वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं होणार म्हणून त्यांनी राज्यात आणीबाणीच लावली होती. चेंडू टोलवण्यासाठी आणीबाणी! ग्रामीण मतदार मात्र खूश होता. शहरातली केस वाढवलेली पोरं कुणीतरी सरळ करायलाच हवी होती, असं त्याचं मत.

या मतदाराचं वजनही मोठं होतं, आणि ते शब्दशः. खेड्यातले मतदारसंघ लहान, शहरातले फुगलेले, त्यामुळे मत एक असलं तरी भाव वेगळा. १९७२ला विरोधी मजूर पक्षाला सुमारे ४७ टक्के मतं पडली, जोहच्या पक्षाला २०. मुख्यमंत्री जोह. जोडीला लिबरल पक्ष होता, पण दोघांच्या आघाडीतला मोठा वाटा खेड्यांचा. गंमत अशी की या विभागवार वाटणीची सुरुवात १९४९मध्ये मजूर पक्षानंच स्वतःच्या सोयीसाठी केली होती. बी त्यांनी पेरलं, जोहनी फक्त खतपाणी घातलं.

पत्रकार परिषदेला ते कोंबड्यांना दाणे टाकणं म्हणत. म्हणत कसले, तसंच वागत. अडचणीचा प्रश्न आला की वाक्य सुरू व्हायचं, मधेच वळायचं, आडवाटेला लागायचं आणि शेवटी, त्याची तुम्ही काळजी करू नका. वार्ताहर वही मिटत. छापायला काय मिळालं हे घरी गेल्यावर कळायचं, म्हणजे काहीच नाही. पाण्यावर चालणारी मोटार तयार झाल्याचा दावा करणाऱ्या एका संशोधकाची पाठराखण मात्र त्यांनी १९८०मध्ये अगदी स्पष्ट शब्दांत केली. पुढे मोटारही नाही आणि पाणीही नाही.

घराची बाजू पत्नी फ्लो यांची. पत्रकार दारात आले की त्या भोपळ्याचे स्कोन पुढे करत. शिजवून मऊ केलेला भोपळा, लोणी, साखर, अंडं, मैदा, भट्टीत फुगवलेले सोनेरी गोळे. आमच्या घारग्यांचे हे दूरचे गोरे भाऊबंद म्हणायला हरकत नाही, फक्त ते तळत नाहीत. या स्कोननी जेवढी टीका गिळली तेवढी कुठल्याच प्रसिद्धी खात्यानं गिळली नसेल. फ्लो नुसत्या स्वयंपाकघरात राहिल्या नाहीत, १९८१ ते १९९३ त्या सिनेटर होत्या. जोहच्या एका निर्णयावर मात्र विरोधकही कुरकुरले नसतील. राज्यानं वारसा कर उठवला आणि दक्षिणेकडचे म्हातारे पैशासकट क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर राहायला आले. इतर राज्यांनी घाईघाईनं कित्ता गिरवला.

मग १९८७ उजाडलं. वयाच्या शहात्तराव्या वर्षी जोहना देशाचं पंतप्रधान व्हावंसं वाटलं. देशपातळीवरच्या विरोधी आघाडीत फूट पाडून घोडं दामटलं, तर पंतप्रधान हॉक यांनी जोह अमेरिकेत असतानाच निवडणूक जाहीर केली. घोडं तिथेच बसलं. तेवढ्यात दूरचित्रवाणीवर पोलिसांच्या हप्तेबाजीचा पर्दाफाश झाला, जोह गावी नसताना उपमुख्यमंत्र्यांनी चौकशी लावली आणि फिट्झजेराल्ड आयोगानं पोलीस प्रमुखापासून मंत्र्यांपर्यंत सगळं उकरलं. कित्येक जण तुरुंगात गेले. विधिमंडळ, शासन आणि न्यायालय यांच्या अधिकारांची विभागणी म्हणजे काय, असं आयोगासमोर विचारलं तेव्हा एकोणीस वर्षं शासन चालवलेल्या या माणसाला धड उत्तर देता आलं नाही. ते नाटक होतं असं मला वाटत नाही. गोठ्यात, शेतात, विमानात सगळीकडे एकच मालक असतो.

पक्षानंच पाठ फिरवली. जोह काही दिवस कार्यालयाचं दार लावून बसले आणि १ डिसेंबर १९८७ला त्यांनी राजीनामा दिला. १९९१मध्ये खोट्या साक्षीचा खटला चालला, पण पंचांचं एकमत झालं नाही. पंचांचा प्रमुख जोहच्याच पक्षाच्या युवक शाखेतला निघाला. वय पाहून खटला पुन्हा उभा केला नाही. इथे एखादा गप्प बसला असता. जोहनी ९२व्या वर्षी सरकारकडे ३३ कोटी ८० लाख डॉलर नुकसानभरपाई मागितली. चौकशीच बेकायदा होती म्हणे. सरकारनं नकार दिला.

२००५मध्ये ते गेले तेव्हा मुख्यमंत्री होते मजूर पक्षाचे पीटर बीटी. १९७१च्या त्या रग्बीविरोधी निदर्शनात पोलिसांचा मार खाऊन अटक झालेल्या विद्यार्थ्यांपैकी हे एक. बीटींनी किंगरॉयमध्ये सरकारी इतमामात अंत्यसंस्कार करवले, स्वतः जाऊन भाषणही केलं. त्याच दिवशी ब्रिस्बेनमध्ये, जोहच्या राजवटीत भोगलेल्यांचा विसर पडू नये म्हणून शेकडो माणसं जमून निदर्शनं करत होती.