मधाची एल, मोहाचा पंचनामा

मध घालून केलेली क्राफ्ट पेल एल चाखणारा रसिक डोळे मिटून ‘रानमधाचा गोडवा’ जाहीर करतो, तेव्हा यीस्टची कीव येते. मधातली जवळजवळ सगळी साखर तिने फस्त केलेली असते. मागे उरतो थोडा सुगंध, कोरडेपणा आणि वाढीव अल्कोहोल. गोडवा असतो तो बहुतेक लेबलावर, आणि किंमतही तिथेच ठरते. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा-देवरीच्या जंगलात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचलेल्या मोहफुलांचंही रसायन हेच. फक्त त्याचं रसग्रहण पोलीस करतात: मोहसडवा, प्लास्टिकचे ड्रम, जागीच नष्ट.

कोणी म्हणेल, हातभट्टीत काय घातलंय याचा भरवसा काय? शंका रास्त आहे, नवसागराच्या कथा खोट्या नाहीत. पण मधाची एल करणाऱ्या पुण्याच्या ब्रुअरीची तपासणी होते ती तिला परवाना आहे म्हणून. ज्या भट्टीला परवानाच मिळत नाही, तिथे तपासणार तरी काय? २०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफुलं गोळा करण्यावरचे निर्बंध उठवले. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूलाच ‘हेरिटेज’ केलं. आपल्याकडे फूल सुटलं, हातभट्टीचा अर्क अजून आरोपी. फुलांचे लाडू करा, सरबत करा, असा सल्ला मिळतो; मधवाल्या ब्रुअरीला चिक्की करायला मात्र अजून कोणी सांगितलेलं नाही.