सनैयातले निदानेश्वर

मुसफ्फात मोटारसायकल बंद पडली की मेकॅनिक यायला वेळ लागतो. निदानेश्वर आधीच आलेला असतो. अबूधाबीच्या बेटावरून पूल ओलांडला की हा सगळा गॅरेजांचा, वर्कशॉपांचा आणि भंगाराचा मुलूख लागतो. कागदावर एम-अमुक, एम-तमुक असे विभाग, तोंडी नाव एकच, सनैया. इथं क्रेनपासून कारच्या गिअरबॉक्सपर्यंत काहीही उघडून मिळतं, बहुतेक वेळा पुन्हा जोडूनही मिळतं. पण ह्या विद्यानगरीतला सर्वांत मोठा विद्वान कुठल्याच गॅरेजच्या पगारावर नाही. तो बकाल्याच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या सावलीत, हातात करक चहाचा कागदी पेला घेऊन उभा असतो.

दहांत चार वेळा तो आपला निघतो. साताऱ्याचा, सांगलीचा, नाहीतर चिपळूणकडचा. पेशानं स्टोअरकीपर, फोरमन, टाइमकीपर. इथं त्याच्याकडे मोटारसायकल नसते, लायसन्सही नसतं. गावी मात्र होती, आणि सगळी गोम तिथं आहे. प्रत्येक निदानेश्वराला आयुष्यात एक बिघाड स्वतःच्या हातानं सापडलेला असतो. पुढचं सगळं आयुष्य तो दुसऱ्यांच्या गाड्यांत तोच बिघाड शोधत हिंडतो. ज्याच्या कार्बोरेटरात एकदा कचरा निघाला, त्याला विमानाच्या इंजिनातही कचराच दिसेल. ज्याच्या प्लगची कॅप सैल होती, तो रामराम करायच्या आधी वाकून कॅप दाबतो.

त्याला खरा बहर येतो तो अधूनमधून बंद पडणाऱ्या गाडीवर. पुरती मेलेली गाडी त्याला आवडत नाही. तिथं पान्हा लागतो. समजा, डिलिव्हरीचा पोरगा आहे, मागं पेटी बांधलेली. गाडी सकाळी एका झटक्यात सुरू होते, शाबियाच्या वस्तीत दोन-तीन ऑर्डरी बिनबोभाट पोचवते, आणि ऊन चढलं की नेमकी सिग्नलवर मान टाकते. सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. वीसेक मिनिटांनी काहीच झालं नाही अशी सुरू होते. गॅरेजमधल्या खानसाहेबांसमोर तर अशी गुणी बाळासारखी चालते की ते पोऱ्यालाच नखशिखान्त न्याहाळतात. ‘‘भाई, इसमें तो कुछ है ही नहीं.’’

मग गाडी बकाल्यासमोर येते आणि सभा भरते.

पहिला प्रश्न पेट्रोलचा. ‘‘कुठलं टाकतोस?’’ पोरगा म्हणतो, ‘‘स्पेशल.’’ ‘‘पंचाण्णव! तरीच. सुपर टाक, अठ्ठ्याण्णव.’’ लगेच दुसरा सरसावतो, ‘‘उलटं सांगताय भाऊ तुम्ही. आपल्याकडच्या गाड्या एक्क्याण्णववर वाढलेल्या. ई-प्लस टाक.’’ ऑक्टेन म्हणजे काय ह्यात दोघांनाही रस नसतो. आकडा हवा, आणि तो समोरच्याच्या आकड्याहून वेगळा हवा.

तिसरा श्रवणभक्तीचा. लांब स्क्रू ड्रायव्हर मागवून त्याचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतो. ही रीत खरी आहे, जुने मिस्त्री व्हॉल्व्ह आणि बेअरिंगचा आवाज असाच ऐकतात. फक्त त्यांचं इंजिन त्या वेळी चालू असतं.

चौथ्याचा मावसभाऊ चाकणला असतो. कारखान्यात नेमका कुठं, हे विचारायचं नसतं. मी एकदा विचारलं तेव्हा उत्तर कँटीनपाशी येऊन थांबलं होतं. पण त्या नात्याच्या जोरावर हा मोटारसायकलींचा इतिहास सांगतो. पल्सर 2001 ची, एका सिलिंडरला दोन प्लग 2003 पासून, सगळं मुखोद्गत. मग दोन प्लगांच्या गाडीचा एकच प्लग काढतो, पुसतो, परत बसवतो आणि म्हणतो, ‘‘झालं.’’

सगळ्यात ज्येष्ठ ते काका. त्यांची घडण चेतकवर. ती स्कूटर 1972 साली आली आणि महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना एक उपचार शिकवून गेली: बाजूला कलंडवायची, सरळ करायची, किक मारायची. काका कडेला उभे असतात, सगळ्यांचं बोलून होऊ देतात आणि शेवटी शांतपणे सांगतात, ‘‘वाकडी कर जरा.’’ पोरगा पेटीसकट गाडी वाकडी करतो. बिर्याणीही वाकडी होते. गाडी सुरू होते!

इथं थोडं शास्त्र सांगितलं पाहिजे, नाहीतर काकांचं देऊळ उभं राहील. असल्या दुखण्याची बरीच कारणं वेळानं आपोआप बरी होणारी असतात. इग्निशन कॉइलच्या आतली बारीक तार कुठं तुटायला आली असेल, तर तापल्यावर सांधा उघडतो आणि ठिणगी जाते. निवली की पुन्हा जुळतो. दुसरं कारण टाकीचं झाकण. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून तेवढी हवा आत यायला हवी, आणि त्यासाठी झाकणात एक बारीक वाट असते. ती इथल्या पिठासारख्या धुळीनं बुजली की टाकीत पोकळी होते आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. थोडा वेळ उभी ठेवली की हवा कशीबशी झिरपते. बॅटरीचं सैल टर्मिनल, साइड स्टँडचा स्विच हे आणखी दोघे. ते तर हलवाहलवीनंच सुधारतात.

म्हणजे सभा हाच उपचार असतो. गाडी निवायला वीस मिनिटं लागतात आणि निदानेश्वरांना बोलायलाही वीस मिनिटं लागतात. गाडी सुरू होते तेव्हा जो बोलत असतो, श्रेय त्याचं. उद्या ती पुन्हा बंद पडली तरी कोणाचं निदान खोटं ठरत नाही. पोऱ्यानं पथ्य पाळलं नाही, एवढंच ठरतं. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातली उघड्यावरची कामं कायद्यानं बंद असतात, तेव्हा तर साइटवरचे फोरमनही सावलीला येतात आणि सभेला कोरम कमी पडत नाही.

माणूस वाईट नाही हो. चहाचे पैसे देतो, धक्का मारतो, पोऱ्याच्या फोनवरून गिऱ्हाइकाला ‘‘टू मिनिट, सर’’ सांगतो. फक्त ‘‘मला माहीत नाही’’ एवढं त्याच्याकडून होत नाही. ऑर्डरमागे पैसे मिळणाऱ्या पोराला त्याची ही विद्वत्ता महागात पडते, हे त्याच्या गावीही नसतं.

तेव्हा तुमची गाडी सनैयात अशी बंद पडली, तर ती गरम आहे तोवरच हात घाला. आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष झाकणाचा. नाही झाली तर झाकण घट्ट लावा, सांडलेलं पेट्रोल पुसा, प्लग काढून कॅपमध्ये बसवा आणि इंजिनाच्या धातूला टेकवून, कॅपचं रबर धरून, सेल्फ मारा. ठिणगी दिसली तर पेट्रोलची वाट तपासा, नाही दिसली तर आधी स्विच आणि टर्मिनल हलवून बघा, मग कॉइल. हे सगळं पाच मिनिटांत उरका, कारण बकाल्यासमोरून कोणीतरी पेला खाली ठेवून निघालेलं असतं.