भरवेलीला काय आहे?

बालाघाटच्या स्टेशनाबाहेर पाठीवर पिशवी घेतलेला माणूस दिसला की गाव त्याला कान्हाच्या जंगलात वाघ पाहायला पाठवून मोकळं होतं. ऑटोवाल्याने माझं वजन, चष्मा आणि टोपी पाहून जिप्सीचा भाव सांगितला. लॉजच्या मॅनेजरने पहाटे साडेचारला उठवायचं कबूल केलं. आलूबोंडे तळणाऱ्यानेही झारा हलवत मुक्की गेटची दिशा दाखवली. मी म्हटलं, मला भरवेलीला जायचंय. झारा थांबला.

"तिथं कोणी नातलग?"

"नाही."

"खदानीत काम?"

"नाही."

"मग कोणी भरती आहे का दवाखान्यात?"

धडधाकट माणूस आपल्या पैशाने, नुसता हिंडायला भरवेलीला जाईल, ही शक्यता त्याच्या हिशेबातच नव्हती.

मुळात बालाघाटपर्यंत येणं हीच अर्धी करमणूक. गोंदियाहून गाडी निघते आणि बिरसोला मागे पडलं की महाराष्ट्र संपतो. डब्यात कोणाला पत्ता लागत नाही. आमच्या डब्यातलं जागेचं भांडण गोंदियाला मराठीत सुरू झालं, मधल्या स्टेशनांवर पोवारीत तापलं आणि हट्टा रोडच्या पुढे हिंदीत मिटलं. १९५६ पर्यंत हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्याच प्रांतात होता. तेव्हा राज्य बदललं, पण भांडायची भाषा ज्याने त्याने आपल्याजवळच ठेवली. पूर्वी इथे अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी धावायची. आता मोठी धावते, त्यामुळे भांडायलाही ऐसपैस जागा झाली आहे.

भरवेली शहरापासून बैहर रस्त्याला, ऑटोने काही मिनिटांवर. क्वार्टरांच्या रांगा, अंगणात तुळस आणि दोरीवर वाळणाऱ्या बनियनी. इतकं शांत की मी चपला वाजवायला लाजलो. एका बाईंनी मला पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं. नंतर उलगडलं : इथली शांतता निसर्गदत्त नाही, ती शिफ्टची आहे. रात्रपाळीवाले झोपलेले, दिवसपाळीवाले जमिनीखाली, आणि उरलेले, झोपलेल्यांना जाग येऊ नये म्हणून पोरांना दटावत बसलेले. हिल स्टेशनवाले असल्या शांततेचे पैसे घेतात.

प्रवाशाची खरी पंचाईत अशी की भरवेलीत जे पाहण्यासारखं आहे ते सगळं पायाखाली आहे. आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण, चारशे मीटरहून खोल. आयफेल टॉवर उलटा सोडला तर अख्खा आत जाईल आणि वर झाकण लावायला जागा उरेल. आपल्या वाट्याला येतं ते झाकण. म्हणून मी मन लावून झाकण पाहिलं.

हे झाकण प्रथम उचललं इंग्रजांनी. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाची ब्रिटिश कंपनी निघाली. पुढे तिच्या नावात मँगनीज आलं. १९६२ मध्ये ५१ टक्के मालकी देशात आली आणि ती केंद्र, मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांनी सारखी वाटून घेतली. दोन शेजारी राज्यांनी एखादी गोष्ट न भांडता वाटून घेतल्याचं हे उदाहरण पाठ्यपुस्तकात का नाही, कळत नाही. उरलेले ४९ टक्के १९७७ मध्ये सुटले. आज ती ‘मॉइल’, मुख्यालय नागपूरला.

इथल्या आणि देशभरातल्या मँगनीजवर लुईस फर्मॉर नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये हजाराहून जास्त पानांचा ग्रंथ लिहिला आणि इकडच्या एका खडकाला गोंडांच्या नावावरून ‘गोंडाइट’ नाव दिलं. त्याचा मुलगा पॅट्रिक अठराव्या वर्षी, १९३३ च्या डिसेंबरात, हॉलंडहून पायी कॉन्स्टँटिनोपलला निघाला आणि पुढे इंग्रजीतला नामांकित प्रवासलेखक झाला. बापाच्या नावावर मँगनीजची हजार पानं असल्यावर पोरगं चालायला लागणारच.

खाणीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "परवानगी?" मी म्हटलं, आत जायचं नाही, बाहेरूनच बघतो. "मग पहा ना भाऊ. बाहेरचं सगळं तुमचंच आहे."

आतला पोलादी मनोरा फाटकाबाहेरूनही दिसतो. त्याच्या टोकावरचं चाक फिरलं की समजायचं, केज चालली : माणसं खाली किंवा वर. मी मान वर करून चाकाकडे पाहत राहिलो. मी काय पाहतोय हे पाहायला पहारेकऱ्याने मान वर केली. सायकलवरून चाललेला एक जण उतरला. दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल थांबली. दोन शाळकरी पोरी, एक आजी, मघाच्या तोंडावर बोटवाल्या बाई.

"काय झालं?"

"माहीत नाही. पण साहेब पाहून राहिलेत."

"कोणी चढलं का वरती? शोलेवानी?"

जन्मभर त्या मनोऱ्याखालून गेलेली माणसं पहिल्यांदाच त्याच्याकडे टक लावून पाहत होती, आणि ज्या मँगनीजसाठी तो उभा, ते तर सगळ्यांनी रोज हाताळलेलं : घरातल्या पोलादात तेच, टॉर्चच्या सेलमधली काळी पूडही तीच. चाक दोनदा फिरलं, थांबलं. "हेच?" आजी म्हणाल्या आणि मला वेंधळा ठरवून निघून गेल्या.

मागे राहिले एक निवृत्त खाणकामगार. त्यांनी मला चहाच्या ठेल्यावर नेलं आणि पैसे देऊ दिले नाहीत. परवानगी न लागणारी भरवेलीतली ही दुसरी गोष्ट.

"काकाजी, तुम्ही कुठं फिरायला गेला होतात का कधी?"

"गेलतो ना. पोरानं महाबळेश्वरले नेलं. एका पॉइंटवर उभं केलं अन् म्हणे, बाबा, खाली पहा किती खोल आहे. मी म्हटलं, बापू, आमी जिनगीभर खालूनच वर पाह्यलं! बाकी जागा बेस होती. मंग मी तिथल्या गाइडले विचारलं, का बा, पाळी सुटल्यावर लोकं वर येतात ते केज कुठं हाय?"

"मग?"

"मंग काय. त्यानं माह्या पोराले बाजूले घेतलं अन् विचारलं, यायले गोळ्या वेळेवर देता ना?"